डोंगर दिसले तो दिवस

यंदा ओदिलोन आईच्या ओळीला ओळ देत नव्हता.

द्राक्ष तोडणाऱ्या आमच्या टोळीतल्या सगळ्यांच्या ते लक्षात आलं होतं, पण बोललं कुणीच नव्हतं. त्याची आई निकानोरा पहाटे द्राक्षांच्या रांगेत शिरली की कात्री चालवता चालवता गायची. गाणं तिच्या डोंगरातल्या बोलीतलं, दर हंगामात थोडं वाढणारं. 'वेलाला आला भार, भाराला नाही हात,' असं ती म्हणायची, आणि वेलाच्या पलीकडून, पानांआडून, तिचा मुलगा जोड द्यायचा, 'हाताला तुझं लेकरू गं, लेकराला तुझी साथ.' शेजारच्या रांगेतली माणसं हसायची. त्याच तालावर त्यांच्याही कात्र्या चालायच्या.

यंदा निकानोरा पहिली ओळ म्हणायची आणि जराशी थांबायची. पानांआडून कात्रीचा आवाज यायचा. त्या आवाजाच्या खाली आणखी एक आवाज असायचा, ओल्या दोराने खांब घासावा तसा. मग दुसरी ओळही ती स्वतःच म्हणून टाकायची.

आमच्याकडे द्राक्षं तिघं मिळून काढतात. दोघं तोडतात, एक पेटीत भरतो. तोडणारे आत रांगेत, भरणारा रांगेच्या तोंडाशी, छत्रीखालच्या टेबलापाशी. ओदिलोन आणि त्याची आई तोडत, आणि त्याची बायको झेनाइदा भरत असे. घड हातात घेऊन फिरवायचा, सडका मणी कात्रीच्या टोकाने उडवायचा, आणि देठ वर करून पेटीत निजवायचा. तिघांनी चालवलेलं घर होतं तसंच तिघांचं काम. एकाचा हात मंदावला की दुसऱ्या दोघांना तो झाकावा लागे.

तोंडं तर सगळ्यांचीच झाकलेली असतात. टोपीखालून रुमाल बांधायचा, नाकावरून घेऊन मानेमागे गाठ मारायची. धूळ, गंधक, ऊन, सगळ्यावर तोच उपाय. माणूस डोळ्यांवरून ओळखायचा. ओदिलोनचा रुमाल तांबडा, पांढऱ्या ठिपक्यांचा, त्याच्या बापाचा. दिवस चढला की तो रुमाल पाण्याच्या पिंपाखाली धरून भिजवायचा आणि पुन्हा बांधायचा. ओल्या रुमालातून हवा गाळून येते, असं त्याचा बाप म्हणत असे. आम्ही सगळेच म्हणत असू. त्या रुमालामागे ओठांचा रंग काय होतो ते कुणाला दिसत नव्हतं.

मुकादम क्रिस्पिन त्याच्याच गावचा. दोघांनी लहानपणी एकाच कळपाच्या शेळ्या राखल्या होत्या. पुढे ओदिलोनच्या मुलीला, लुसेरोला, बाप्तिस्म्याच्या वेळी क्रिस्पिनने धर्मपिता म्हणून हातांवर धरलं, आणि त्या दिवसापासून दोघे एकमेकांचे कंपाद्रे झाले, झेनाइदा क्रिस्पिनची कोमाद्रे झाली. आमच्यात ते नातं रक्ताच्या वरचं. एकदा जडलं की लहानपणचं 'तू' संपतं, आणि थट्टासुद्धा 'तुम्ही' म्हणूनच करायची. तेव्हा मुकादम म्हणून हटकायचं असलं तरी क्रिस्पिन म्हणे, "कंपाद्रे, आज तुमच्या पेट्यांना झोप लागलीये वाटतं." ओदिलोन डोळ्यांनी हसे. रुमालामुळे तेवढंच हसता येई.

घरी आल्यावर तो पायरीवर बसून राही. आमची घरं चाकांवरची, पत्र्याची. दुपारच्या उन्हात आत बसवत नाही. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकायचा, खांदे कानांपर्यंत चढायचे, आणि मानेच्या खाली, हाडांच्या मधे, प्रत्येक श्वासाला एक खड्डा पडायचा. लुसेरो जवळ आली की सरळ होऊन बूट काढण्याचं निमित्त करायचा. निकानोराने कापराचं तेल चोळलं, निलगिरीचा पाला उकळून वाफ दिली. दवाखान्यातल्या नर्सने दम्याचा पंप दिला आणि सांगितलं, दुपारी उन्हात श्रम करू नकोस, दुपारची हवा तुला बाधते. त्यावर ओदिलोन म्हणाला होता की सकाळची हवा आणि दुपारची हवा अशा दोन हवा त्याने आजवर ऐकल्या नाहीत. पंप तो मोज्यात ठेवायचा, घोट्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे कामावर कुणाला दिसू नये.

हे असं चाललं असताना चर्चच्या मागच्या खोलीत रेमेदियोसने सभा बोलावली. रेमेदियोस पूर्वी आमच्याच टोळीत होती. पाठ गेल्यापासून ती मळ्यामळ्यावर गाडी घेऊन जेवण विकते, म्हणून तिला सगळ्या टोळ्यांची खबर. चर्चच्या भिंतीलगत तिने आणि वस्तीतल्या बायकांनी घेवडा लावला होता. त्याची पानं तिने ताटात घालून आणली, आणि मक्याच्या तोर्तिया वाढाव्यात तशी एकेक पान हातात देत गेली.

पानाच्या शिरा हिरव्या होत्या. शिरांच्या मधल्या जागेत तपकिरी ठिपके, सुईने डाग दिल्यासारखे. उलटून पाहिलं तर खालची बाजू स्वच्छ.

ती म्हणाली, हा रोग नाही. रस्त्यावरच्या ट्रकांचा, तेलविहिरींचा, कारखान्यांचा धूर निघतो. आपलं खोरं म्हणजे काठ उंच असलेली परात, तो बाहेर जातच नाही. त्याच्यावर दिवसभर ऊन पडतं आणि दुपारपर्यंत त्यातून ओझोन तयार होतो. वर आभाळात असतो तो आपल्याला सावली देतो. खाली श्वासात उतरतो तो आतून भाजतो. पानाला भाजतो तसाच.

म्हाताऱ्या ताचोने विचारलं, रुमालातून येतो का.

"येतो."

"ओल्या रुमालातून?"

"ओल्यातूनही, ताचोबाबा. त्याला रुमाल दिसतच नाही."

ताचोने हातातलं पान पुन्हा उलटून पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं की डोंगर दिसत असतील त्या दिवशी तरी हवा चांगली असेल ना. रेमेदियोस म्हणाली, त्याचाही भरवसा नाही. धूळ नसली की डोंगर दिसतात, ओझोन असला तरी दिसतात. हे मात्र कुणालाच पटलं नाही. आम्ही डोंगरातली माणसं. पलीकडची धार स्वच्छ दिसली की दिवस चांगला, हे आम्हाला चालायला लागायच्या आधी कळलेलं.

बायकांनी मालकाकडे तीन-चार खेपा घालून एक गोष्ट ठरवून आणली होती. चर्चच्या छपरावर हवा मोजायचं यंत्र बसवलं होतं. त्यावरून रेमेदियोस प्रत्येक टोळीला फोनवर रंग कळवणार, आणि टोळीतली एक बाई मळ्याच्या कडेला त्या रंगाचं निशाण लावणार. हिरवं, पिवळं, नारिंगी, लाल. लाल लागलं की मध्यान्हीला काम बंद. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी पहाटे दिव्यांच्या उजेडात लवकर सुरू करून भरून काढायचं. मालकाने हंगामापुरतं कबूल केलं होतं, पण अट घातली होती. थांबायचं तर सगळ्यांनी थांबायचं. लाल निशाण असताना एकाची जरी कात्री चालताना दिसली, तर ठरलेलं मोडलं.

आमच्या टोळीसाठी कोण, असं विचारल्यावर झेनाइदाने हात वर केला. ओदिलोन खाली, हातातल्या पानाकडे बघत होता.

घरी झेनाइदाने घेवड्याची वाटी पुढे ठेवली तेव्हा म्हणाला, "आता सगळे म्हणतील, ओदिलोनची छाती गेली म्हणून बायकोने काम बंद पाडलं."

"छातीचं त्यांना माहीत आहे," झेनाइदा म्हणाली. "आई रोज ओळ टाकते आणि तिला जोड मिळत नाही. लोकांना काय कान नाहीत?"

निकानोरा चुलीकडे तोंड करून तोर्तिया उलटत होती. तिने वळून पाहिलं नाही. ओदिलोनने वाटी तशीच ठेवली आणि पायरीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवसापासून झेनाइदाच्या टेबलाजवळ, पाण्याच्या पिंपापाशी, बांबूवर निशाण लागू लागलं. बरेच दिवस पिवळं, मग नारिंगी. माणसं त्याला सरावली. पहिलं लाल निशाण लागलं तेव्हा कुणाची कुरकुर झाली नाही, कारण तीन दिवस आभाळ ताकासारखं झालं होतं, डोंगर पुसून गेले होते आणि सगळ्यांचेच डोळे चुरचुरत होते. मध्यान्हीला सगळे निमूट बसमध्ये चढले. क्रिस्पिन म्हणाला, आता आमच्या टोळीचा मुकादम झेनाइदाच. तो हसत म्हणाला, पण दारात उभा राहून त्याने मोकळ्या रांगांकडे बराच वेळ पाहिलं.

त्याच आठवड्यात झेनाइदाला वेलावर ते ठिपके दिसले. टेबलावरच्या ट्रेमध्ये घडांबरोबर एक पान आलं होतं. शिरा हिरव्या, मधे तपकिरी ठिपके, खालची बाजू स्वच्छ. छत्रीबाहेर येऊन तिने वर पाहिलं. डोक्यावरच्या मांडवात जुनं पान म्हणून जे जे होतं त्यावर ते होते. वर्षानुवर्षं ती त्यांच्याजवळ उभी राहून पेट्या भरत होती. गंधकाने भाजतं, असंच आम्ही सगळे समजत होतो.

जेवायच्या सुट्टीत तिने ते पान ओदिलोनच्या मांडीवर ठेवलं.

"गंधकाने भाजलंय," तो म्हणाला.

"या भागात यंदा गंधक कधी मारला?"

मारला नव्हता. ते त्याला तिच्याहून चांगलं ठाऊक होतं, फवारणीची रांग त्यानेच धरली असती. त्याने पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं, अंगठा एकदा ठिपक्यांवरून फिरवला. मग ते खाली न टाकता टोपीच्या आत घातलं आणि टोपी डोक्यावर ठेवली.

त्यानंतर एका संध्याकाळी वारा सुटला. पत्रे वाजले, वाळत घातलेले कपडे कुंपणाला जाऊन चिकटले. सकाळी बसमधून उतरलो तर पूर्वेचे डोंगर समोर उभे होते. किती दिवसांनी. एकेक घळ दिसत होती, धारेवरचं एकेक झाड मोजून घ्यावं. माणसं उतरून उभीच राहिली. कुणी गावाचं नाव काढलं. निकानोराने रुमाल खाली ओढून उघड्या तोंडाने पाहिलं आणि छातीवर क्रूस केला.

ती सकाळ हलकी गेली. गारवा होता. ओदिलोनचा हात कित्येक दिवसांनी पूर्वीसारखा चालला. ट्रे भरून येत होते आणि झेनाइदाला मान वर करायला फुरसत नव्हती. निकानोरा नवीन ओळ गात होती, 'डोंगर आला दारी, त्याला बसाया द्या पाट.' पानांआडून गाणं आलं नाही, पण घसा खाकरल्याचा आवाज आला. तेवढ्यानेही ती खूश झाली.

ऊन चढलं. वारा पडला होता. डोंगर अजून तसेच स्वच्छ होते. झेनाइदाच्या खिशात फोन थरथरला. रेमेदियोसने एकच शब्द पाठवला होता.

तिने डोंगरांकडे पाहिलं. पुन्हा शब्द वाचला. मग हात अ‍ॅप्रनला पुसले, नारिंगी निशाण उतरवलं आणि लाल चढवलं.

हसणं शेजारच्या रांगेपासून सुरू झालं. म्हातारा ताचो ट्रे घेऊन बाहेर येत होता. तो थांबून म्हणाला, "पोरी, डोंगरालाही कळव. बिचारा उगाच नटून आलाय." हसू रांगेरांगेतून आत पसरत गेलं. झेनाइदा घड फिरवत राहिली. तिचे कान तापले होते.

क्रिस्पिन आला. रस्त्यावर पेट्या थंड ठेवून नेणारा ट्रक उभा होता आणि तो भरून न्यायची त्याला घाई होती. त्याने निशाणाकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, टोपी मागे सारली. म्हणाला, "कोमाद्रे, आज राहू द्या. आजच्या दिवसाला कोण मानणार?"

"मालकाने रंग मानायचं कबूल केलंय. डोंगराचं काही ठरलं नव्हतं."

त्याने ट्रककडे पाहिलं. मग म्हणाला, मी कुणाला थांबवत नाही आणि कुणाला चालवतही नाही, ज्याचं त्याने बघावं. आणि तो ट्रककडे निघून गेला.

मध्यान्ह झाली. चार-पाच बायका कात्र्या खिशात घालून बाहेर आल्या आणि बसच्या सावलीत उभ्या राहिल्या. पुरुष आतच होते. ते घड तोडत होते, पण त्यांचे डोळे ओदिलोनच्या रांगेकडे होते. टोळीतला सगळ्यांत चपळ हात त्याचा. तो बाहेर आला असता तर बाकीचे आले असते. तो आला नाही.

झेनाइदाने अर्धी पेटी तशीच ठेवली. तिने टेबलावरची छत्री मिटली. भरणाऱ्याने छत्री मिटली की त्या तिघांचं काम संपलं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ओदिलोनने रांगेच्या आतून ते पाहिलं. त्याने भरलेला ट्रे आणून मिटल्या छत्रीपाशी जमिनीवर ठेवला आणि परत आत गेला. मग दुसरा आणून ठेवला. तिसरा आणताना वाटेत दोनदा खाली टेकवला.

निकानोरा रांगेत उभी राहिली होती. तिची कात्री थांबली होती. ती मुलाकडे बघत होती, आणि बघता बघता तिने सकाळचीच ओळ म्हटली, अगदी हळू, मूल झोपलंय का बघायला आई हाक मारते तशी.

'डोंगर आला दारी, त्याला बसाया द्या पाट.'

आसपासच्या कात्र्या थांबल्या. ओदिलोनने मान वर केली. सगळे ऐकताहेत हे त्याला कळत होतं. त्याने छाती भरून घेतली, निदान तसं करायला गेला, आणि जोड द्यायला तोंड उघडलं. सूर निघाला नाही. खोकला निघाला, कोरडा, मग नुसतीच शीळ, आणि मग तीही नाही. त्याने खांब धरला. एक गुडघा मातीला लागला.

रांग संपल्याशिवाय रांगेत कुणी बसत नाही. त्याने तो गुडघा उचलायचा दोनदा प्रयत्न केला.

झेनाइदा वेलांखालून वाकून धावत आली. तिने त्याच्या मानेमागची गाठ सोडली आणि रुमाल खाली ओढला. त्याचे ओठ पिकल्या काळ्या द्राक्षांच्या रंगाचे झाले होते. ताचो ट्रे धरून तिथेच उभा होता. त्याने ते पाहिलं आणि ट्रे हळूच जमिनीवर ठेवला. झेनाइदाने सगळ्यांसमोर नवऱ्याच्या मोज्यात हात घातला, पंप काढला, त्याच्या तोंडाला लावला. एकदा. मग त्याच्या पाठीवर तळवा ठेवून ती मनातल्या मनात मोजत राहिली, आणि पुन्हा एकदा.

क्रिस्पिन ट्रककडून पळत आला होता. त्याच्या हातात पाण्याचा डबा होता आणि पाणी त्याच्याच पॅन्टवर सांडत होतं. तो मातीत उकिडवा बसला. ओदिलोन अजून उठायला बघत होता, खांबावर बोटं घट्ट करून.

"बस रे, ओदी," क्रिस्पिन म्हणाला. "बस ना खाली. कुणी काही म्हणत नाही."

किती वर्षांनी त्याने त्याला 'तू' म्हटलं होतं. ओदिलोनने त्याच्याकडे पाहिलं. बोटं सैल झाली आणि तो मातीत बसला, पाय पसरून, लहान पोर बसतं तसा. टोपी पडली होती. तिच्यातून सुकलेलं पान बाहेर आलं होतं, ठिपक्यांचं. क्रिस्पिनने ते उचलून आधी पाहिलं, मग वर मांडवाकडे पाहिलं.

श्वास परत येत होता, थोडा थोडा, रडून झाल्यावर येतो तसा. नर्सकडे न्यायला रेमेदियोसची गाडी निघाल्याचं झेनाइदाने सांगितलं. ओदिलोनने मान हलवली. तो खांब धरून उठला. या वेळी क्रिस्पिनने त्याला काखेत हात घालून उठवलं. रांगेच्या तोंडाशी आल्यावर तो थांबला. लाल निशाण पिंपापाशी होतं, पण मळ्याच्या पार टोकाच्या रांगांतून ते दिसत नव्हतं. तिकडची माणसं अजून तोडतच होती, त्यांच्या कात्र्या ऐकू येत होत्या. ओदिलोनने गळ्यातला बापाचा रुमाल काढला. ओला होता. त्याने तो रांगेच्या पहिल्या खांबाच्या टोकाला बांधला. गाठ दोनदा सुटली, पण झेनाइदाने हात पुढे केला नाही. मग तो तसाच, उघड्या तोंडाने, सगळ्यांच्या देखत बसकडे चालू लागला.

ताचोने आपला रुमाल सोडला. त्याचा निळा होता. तो रंग काय मानायचा, याचा त्याने क्षणभर विचार केला असावा, मग पुढच्या खांबाला बांधून टाकला. त्याच्या पुढे कुणाचा पिवळा, कुणाचा मळका पांढरा. खांबाखांबाने रुमाल टोकापर्यंत गेले आणि तिकडच्या कात्र्या एकेक करून थांबल्या. ट्रक अर्धा रिकामा गेला. क्रिस्पिनने ड्रायव्हरला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. सांगताना त्याच्या हातात ते पान होतं. मालकाची गाडी धूळ उडवत आली तेव्हा वेलांत कुणी नव्हतं. तो काय म्हणेल आणि उद्या कुणाला बोलावेल, ते उद्याचं उद्या.

आम्ही बसच्या सावलीत बसलो होतो, रेमेदियोसची गाडी यायची वाट बघत. सगळ्यांची तोंडं उघडी होती. इतकी वर्षं शेजारी काम करून काहींची हनुवटी आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. समोर डोंगर उभे होते, स्वच्छ, देखणे. आता त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ओदिलोन बसच्या चाकाला पाठ टेकून बसला होता. त्याचं डोकं आईच्या खांद्याशी होतं. निकानोराने त्याच्या केसांतली माती झटकली आणि गुणगुणली, मागल्या हंगामातली ओळ, 'वेलाला आला भार, भाराला नाही हात.' म्हणून झाल्यावर ती थांबली.

ओदिलोनने डोळे मिटले. एक श्वास घेतला, दुसरा घेतला.

"हाताला," तो म्हणाला. गायला नाही, नुसतं म्हणाला. मग आणखी एक श्वास. "तुझं लेकरू गं."

पुढचे शब्द सगळ्या टोळीला पाठ होते. कुणी म्हटले नाहीत. निकानोराही बोलली नाही. त्याचा श्वास परत येईपर्यंत आम्ही सगळे थांबलो.